दार नेमकी कुठली जागा खाते?

तीन फूट रुंदीचे एकझडपी दार काटकोनात उघडले की जमिनीवरची सुमारे सात चौरस फूट जागा अडते. तिथे बाकडे ठेवता येत नाही, की कपाटही. अकोल्याच्या ताजनापेठेत किंवा अमरावतीच्या इतवाऱ्यात, जिथे दुकान अरुंद आणि आत लांबलचक, तिथे एवढी जागाही मोलाची. मग आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दाराचा विचार पुढे येतो.

हे दार मात्र फुकट जागा देत नाही. जमिनीची जागा सोडते आणि भिंतीची घेते. दर्शनी बाजू बारा फुटांची असेल, तर दोन झडपांच्या सरकत्या दाराला वाट मिळते सहाच फुटांची, कारण उघडलेल्या झडपांनाही उभे राहायला तेवढीच भिंत लागते. प्रत्येक बाजूला एकामागे एक दडणाऱ्या दोन-दोन झडपा घेतल्या, तर वाट आठ फुटांवर जाते. खर्च वाढतो, पण अरुंद दुकानात मी हाच पर्याय निवडेन. गोल फिरणारे दार इथे नकोच. त्याचा घेर मोठा, आणि दवाखान्यात तर स्ट्रेचर त्यातून जात नाही.

सरकत्या आपोआप दाराच्या जन्माशी वाऱ्याचा संबंध आहे, हे वऱ्हाडाने लक्षात घ्यावे. अमेरिकेतल्या टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी या वादळी गावात झुलती दारे वाऱ्यापुढे टिकेनात, म्हणून ल्यू ह्युइट आणि डी हॉर्टन यांनी 1954 मध्ये सरकत्या दाराची कल्पना मांडली; 1960 मध्ये ते विक्रीला आले. आपल्याकडे वाऱ्याच्या जोडीला ऊन आहे: मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. पूर्ण उघडलेल्या दारातून आलेली झळ एसीला दमवते.

यावरचा उपाय आपल्या जुन्या वाड्यांना आणि गढ्यांना ठाऊक होता. मोठ्या कवाडात लहानसा दिंडी दरवाजा असे; एका माणसासाठी सगळे कवाड उघडत नसत. आजच्या सरकत्या दारांच्या यंत्रणेतही अर्धेच उघडण्याची सोय मिळते. थंड देशांत ती हिवाळ्यासाठी वापरतात, आपण ती उन्हाळ्यात वापरावी. लग्नसराईत गर्दी झाली की पूर्ण उघडावे.

दवाखान्यात मात्र वाट आखडू नये. मेळघाटातून अमरावतीला आलेल्या आईच्या कडेवर लेकरू आणि हातात पिशवी असते. तिला दार ढकलायला हात मोकळा नसतो. चाकाच्या खुर्चीसाठी किमान 900 मिलिमीटर मोकळी वाट हवी. शस्त्रक्रियेच्या खोलीत तर सरकत्या दाराचा आणखी एक फायदा: झुलते दार पंख्यासारखी हवा ढवळते, सरकते दार तसे करत नाही.

सुटकेच्या वाटेचे नियम वेगळे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ते दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे. म्हणून धक्का दिल्यावर बाहेर झुलणाऱ्या झडपांचे सरकते दार मिळते. पण त्यांना उघडायला बाहेर मोकळी जागा लागते, आणि आपल्या बाजारात नेमक्या तिथेच पायऱ्या आणि मोटारसायकली असतात. अशा ठिकाणी सुटकेचे दार वेगळेच ठेवावे. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारी आणि हातानेही सरकणारी यंत्रणा घ्यावी. बसवून घेताना मेन स्विच बंद करून दार स्वतः सरकवून पाहावे.

सेन्सर निवडताना हवामान पाहावे. केवळ शरीराची उष्णता ओळखणारा सेन्सर भर उन्हात गोंधळू शकतो, कारण बाहेरची हवाच अंगाइतकी तापलेली असते. हालचाल टिपणारा रडार घ्यावा, आणि झडपांमध्ये कुणी अडकू नये म्हणून सुरक्षेचा किरण वेगळा. झडपांचा भार वरच्या रुळावर असावा. खालच्या खाचेत धूळ साचते, जिनिंगच्या आसपास सरकीचा तूसही. ती रोज झाडून काढावी लागते.