सूची आणि वाचन

२०१६ साली स्थापन झालेल्या भिलाईच्या आयआयटीसारख्या शासकीय संस्थांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. तीन वर्षांच्या या वर्गणीसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. तथापि, जनतेच्या द्रव्यावर झालेले संशोधनही जनतेलाच पुन्हा विकत घ्यावे लागते, हे मूळचे वैगुण्य कायमच आहे. त्याचे कारण लेखाची योग्यता तो कोठे छापला यावरून ठरविण्याच्या रूढीत आहे. मानाच्या नियतकालिकांस मागेल ते मोल मिळते ते त्यामुळेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ सूची बंद करून पारखीचा भार विद्यापीठांवर सोपविला. त्यांनी नवी सूची न करता लेखच वाचावेत. मराठीतील समीक्षेलाही खरा न्याय त्यातूनच मिळेल.