गोदीच्या रेल्वेचा माग

हार्बरने सीएसएमटीकडे जाताना वडाळा सुटलं की डाव्या हाताच्या दारात उभं राहावं, गर्दी उभं राहू देत असेल तर. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड अशी स्टेशनं मागे पडतात आणि पूर्वेला पत्र्याच्या उतरत्या छपरांची गोदामं संपता संपत नाहीत. त्या गोदामांपलीकडे, समुद्राच्या अंगाला, एक दुसरी रेल्वे होती. तिचं वेळापत्रक इंडिकेटरवर कधी लागलं नाही, पण मुंबईची पूर्व किनारपट्टी आज दिसते तशी का आहे, याचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई बंदराची खरी अडचण समुद्रात नव्हती, रस्त्यावर होती. 1873 साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक आणि 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. बोटी धक्क्याला लागू लागल्या, पण माल पुढे न्यायचा तो बैलगाडीने. देशावरून आलेला कापूस रेल्वेने कुलाब्याला उतरायचा, तिथे त्याचा सौदा व्हायचा आणि मग त्याच गाठी पुन्हा गाड्यांत भरून, फोर्टातल्या गर्दीतून वाट काढत गोदीत जायच्या. एकाच मालाची किती वेळा चढउतार करायची? हमाली वाढायची, वेळ जायचा आणि शहराचे रस्ते तुंबायचे.

यावर पोर्ट ट्रस्टने काढलेला तोडगा धाडसी होता. नवा अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेली माती भरावाला वापरली. त्यातून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. उत्तरेला माझगाव-शिवडीच्या खाजणातही भराव घालून शेकडो एकर सपाट जमीन तयार झाली. या नव्या जमिनीवरून बॅलार्ड पिअर ते वडाळा अशी बंदराची स्वतःची रेल्वे टाकली गेली. ती 1 जानेवारी 1915 रोजी सुरू झाली. तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं आणि मुंबई मेसोपोटेमियाच्या आघाडीचा तळ बनली होती.

कामाची रीत सोपी होती. शेडसमोर लावलेल्या वाघिणीत माल भरायचा. शंटिंगचं इंजिन त्या वाघिणी ओढत वडाळ्याच्या यार्डात नेई. तिथे गावागावांप्रमाणे त्यांची छाननी होऊन रावळी जंक्शनवरून त्या मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या ताब्यात जात. शहराच्या रस्त्याला हातही न लावता माल नागपूरला किंवा दिल्लीला निघे. कापसाचा बाजारही मग कुलाबा सोडून शिवडीकडे आला. कॉटन ग्रीन स्टेशनालगतची ती भारदस्त इमारत त्याचीच खूण.

या मालगाडीच्या रेल्वेला थोडी श्रीमंतीही लाभली. दक्षिण टोकाला बॅलार्ड पिअर मोल नावाचं स्टेशन होतं. विलायतेची बोट लागली की साहेब लोक जहाजातून उतरून जवळजवळ थेट डब्यात शिरत. 1928 मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात इथूनच पेशावरला निघे. तीच गाडी आज गोल्डन टेंपल मेल म्हणून अमृतसरला जाते. मोल स्टेशन राहिलं नाही. त्या धक्क्यावर आता क्रूझ टर्मिनल आहे.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकाइन’ हे दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं. 66 अग्निशमन जवान त्यात गेले. सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसून गोदी पुन्हा चालू करायला सात महिने लागले. बंदर त्यातूनही उठलं. म्हणजे रेल्वे स्फोटाने संपली नाही. ती संपत गेली सावकाश, हिशेबाच्या वहीत.

1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. मोठ्या बोटींना जुन्या गोद्यांची खोली पुरेना. प्रिन्सेस डॉकमध्ये तर पुढे कंटेनरसाठी भरावच टाकला. जी जागा खणून समुद्र आत घेतला होता, ती पुन्हा जमीन झाली. कापड गिरण्या बंद पडल्या, उरलासुरला माल ट्रकने पळवला. तरीही मुंबई बंदर ओस पडलंय असं म्हणणाऱ्यांनी आकडे पाहावेत. वर्षाला सहा कोटी टनांच्या घरात माल इथे हाताळला जातो, पण त्यातला निम्म्याहून अधिक तेलाचा. तो जवाहर द्वीपावर उतरतो आणि नळातून माहुलला जातो. नळाला वाघीण लागत नाही.

आता माग काढायचा तर रे रोडला उतरून दारूखान्याच्या बाजूला चालत जावं. गोदीच्या आत जायला पास लागतो, पण बाहेर दिसतं तेवढं पुरे. भंगाराच्या दुकानांपुढे रस्त्यात रुतलेला रूळ दिसला की जोडीचा दुसरा शोधा. अंतर साडेपाच फूट भरलं तर ती बंदराची रेल्वे. ट्रामचे रूळ याहून जवळ असत. रुळाशेजारी चाकाची कड जाण्यासाठी ठेवलेली खाच असते. ती आता डांबराने, गंजाच्या चुऱ्याने बुजलेली असते. गोदामांचा ओटा पाहा. तो माणसाच्या पायरीच्या नव्हे, वाघिणीच्या दाराच्या उंचीचा असतो. पुढे कुठे भिंतीत मोठं दार आणि दारापुढे रस्ताच नाही असं दिसलं, तर रस्ता होता. तो लोखंडाचा होता.

2013 साली याच पट्ट्यातून पूर्व मुक्त मार्ग गेला, 2024 मध्ये शिवडीहून अटल सेतू निघाला. बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाचे आराखडेही अधूनमधून येतात. त्यात बागा असतात, मनोरे असतात. माझ्या मते या जमिनीतली सर्वात मोलाची गोष्ट एखादा भूखंड नसून रेल्वेने राखलेली सलग वाट आहे. वडाळ्यापासून बॅलार्ड पिअरपर्यंत अशी पट्टी आज कुणाला नव्याने संपादन करायची झाली तर परवडणार नाही. तिचे तुकडे पडले की ती पुन्हा जुळणार नाही. पुढच्या वेळी या आराखड्यांवर हरकती आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा शिवडी-माझगावच्या वाचकांनी तरी एवढं लिहून पाठवावं: ट्राम टाका, पायवाट करा, काहीही करा, पण ही वाट मधे तोडू नका.