विमान बदलताना आजी कुठं बसणार?



आपल्या फलटणमध्ये ‘विमानतळ’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर विमान येत नाही. येतो तो माउलींच्या पालखीचा मुक्काम, कारण पालखी तिथल्याच मैदानावर उतरते. चौथीच्या वर्गात वाहतुकीची साधने शिकवताना एका मुलीनं विचारलं, “बाई, माझी आजी काकाकडं दुबईला चाललीय. मधे विमान बदलायचंय. चार तास ती कुठं बसणार?” मला नीट उत्तर देता आलं नाही. पुढं दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन भावाकडे जम्मूला गेले, तेव्हा उत्तर मिळालं. तेच आज सांगते.

लेओव्हर आणि लाउंज

वारीत मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. एक विमान सोडून दुसरं पकडेपर्यंतचा वेळ म्हणजे लेओव्हर, म्हणजे प्रवासातला विसावाच. या वेळात बसायला विमानतळावर खुर्च्या सगळ्यांसाठी असतात, त्याला पैसे पडत नाहीत. लाउंज ही त्याच विमानतळावरची वेगळी खोली. ऐसपैस खुर्च्या, जेवण, चहा, वायफाय, मोबाईल चार्जिंग, स्वच्छतागृह आणि काही ठिकाणी अंघोळीचीही सोय. एसटी स्टँडवरचा बाक आणि आरक्षित विश्रामगृह यात जो फरक, तोच इथं.

1939 साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं असा क्लब सुरू केला. हा अशा सोयीचा पहिला नमुना मानला जातो. सुरुवातीला तिथं फक्त निमंत्रितांनाच प्रवेश होता. आज मात्र दार बरंच रुंद झालंय.

आत कोणाला जाता येतं?

1. बिझनेस क्लासचं तिकीट असणाऱ्यांना.
2. दारात पैसे भरणाऱ्यांना, जागा असेल तर.
3. ठराविक डेबिट किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यांना. काही रुपे डेबिट कार्डांवरही ही सोय असते. दारात कार्ड घासून दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम कापतात.

‘फुकट’ म्हणतात, पण फुकट काहीच नसतं. आपल्या प्रत्येक भेटीचे पैसे कार्डवाले लाउंजला देतात. म्हणूनच अनेक बँकांनी आता ‘आधीच्या तिमाहीत इतका खर्च हवा’ अशी अट घातलीय.

आमचं काय झालं

जाताना दिल्लीला चार तास होते. दारात कळलं की एका कार्डावर एकालाच प्रवेश. आई म्हणाली, “तू जा गं, मी बसते इथंच. आपलं काय काम तिथं?” मी गेले नाही. दोघींनी बाहेरच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. छान लागली, पण ‘आपलं काय काम’ हे वाक्य मनातून जाईना.

जम्मूत असताना बँकेला फोन केला, तर आईच्या पेन्शनच्या खात्याच्या कार्डावरही ही सोय निघाली! परतताना तिनं स्वतःचं कार्ड स्वतःच्या हातानं दिलं. आत उपमा खाल्ला, चहा घेतला, सुजलेले पाय मोकळे केले आणि एकदम विचारलं, “पण गाडी लागली तर सांगणार कोण?”

खरा प्रश्न हाच. कित्येक लाउंजमध्ये विमानाची घोषणा होतच नाही. आरामात बसून विमान चुकणारे असतात. पडद्यावर गेट नंबर आपणच बघत राहायचं, कारण तो बदलतोसुद्धा.

घरच्यांसाठी चार सूचना

- निघण्याआधी बँकेला विचारा. परदेशातल्या लाउंजसाठी कार्डावर वेगळी सोय लागते.
- लाउंजमध्ये सहसा दोन-तीन तासच बसू देतात.
- लाउंजच्या नावाखाली कोणी लिंक पाठवून अ‍ॅप घ्यायला सांगितलं, तर घेऊ नका. 2024 मध्ये बेंगळुरू विमानतळावर बनावट ‘लाउंज पास’ अ‍ॅपमुळं प्रवाशांचे पैसे गेले होते.
- कार्ड चाललं नाही तर लाजायचं कारण नाही. बाहेरची खुर्ची तिकिटातच आलेली असते.

वर्गासाठी कृती

विमान सायंकाळी 6:30 चं. गेट 25 मिनिटं आधी बंद होतं. लाउंजपासून गेटपर्यंत चालायला आजीला 20 मिनिटं लागतात. हाताशी आणखी 25 मिनिटं ठेवायची आहेत. तर आजीनं लाउंजमधून किती वाजता उठावं? (उत्तर: 5:20)

माझ्या वर्गात त्या मुलीनं हे गणित सगळ्यांत आधी सोडवलं. मग वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, “आजी, गाडी लागली की कोणी सांगणार नाही. घड्याळ बघ.” ते पान आजीच्या पासपोर्टात ठेवून दिलंय.

आपल्या मुलांपैकी कोण कधी विमानात बसेल, सांगता येत नाही. पण दारात उभं राहून “इथं आत जायला काय लागतं?” एवढं न घाबरता विचारता आलं, तरी त्यांचं शिकणं कामी आलं.