बालक्षयरोग : सहा महिन्यांची कसोटी

लहान मुलांमधील क्षयरोगाचे निदान अवघड असते. मूल थुंकी बाहेर टाकत नाही, गिळून टाकते. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातील द्रव तपासणीसाठी घ्यावा लागतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप वा खोकला, न वाढणारे वजन, मानेतील गाठी आणि घरात क्षयरुग्ण असणे, या खुणांकडे आम्ही विशेष लक्ष देतो.

मुलास हा रोग बहुधा घरातील मोठ्या व्यक्तीकडूनच होतो. त्यामुळे निदान होताच आम्ही सर्व कुटुंबाची तपासणी करतो. निरोगी आढळलेल्या लहान भावंडांना प्रतिबंधक औषध दिले जाते.

उपचार साधारणतः ६ महिने चालतो : पहिले २ महिने चार औषधे, पुढील ४ महिने तीन. मेंदूच्या वा हाडांच्या क्षयास अधिक काळ लागतो. औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने प्रत्येक भेटीत वजन घेणे अनिवार्य आहे.

खरी कसोटी दुसऱ्या महिन्यानंतर लागते. ताप उतरतो, मूल खेळू लागते आणि पालकांना औषध अनावश्यक वाटू लागते. ते मध्येच थांबल्यास रोग उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका संभवतो.

शासकीय कार्यक्रमातून औषधे विनामूल्य मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेचे साहाय्यही दरमहा १००० रुपये झाले आहे. परंतु प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांमुळे अनेकांच्या खेपा चुकतात. दात्यांच्या साहाय्याने हा भार हलका होतो आणि उपचार पूर्णत्वास जातो.