तळघराला खिडकी काढताय? मग तिच्यापुढच्या खड्ड्याचं गणित आधी समजून घ्या

‘पॅरासाइट’ सिनेमा पाहिलाय? तोच, ज्याला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातलं गरीब कुटुंब अर्ध्या जमिनीखालच्या घरात राहतं. घराची खिडकी थेट रस्त्याच्या पातळीला असते. एका रात्री धो धो पाऊस पडतो आणि सगळं घर पाण्याखाली जातं.

ही झाली सिनेमातली गोष्ट. पण ऑगस्ट २०२२ मध्ये सोल शहरात अशाच एका घरात एकाच कुटुंबातल्या तिघी बुडून गेल्या. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘आयडा’ वादळाच्या पावसात शहरातले १३ जण गेले, त्यातले ११ तळघरातल्या घरांमध्ये होते. आणि २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पाणी शिरलं आणि यूपीएससीची तयारी करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा काय संबंध?

संबंध दोन बाजूंनी आहे. पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. बाजारपेठेच्या गावात मोक्याची जागा कमी पडते, मग दुकानाखाली तळघर काढायचा विचार डोक्यात येतो. दुसरं म्हणजे अशाच गावांमधली पोरं अभ्यासासाठी पुण्या-दिल्लीला जातात आणि स्वस्त पडते म्हणून तळघरातली अभ्यासिका लावतात. त्यामुळे तळघर बांधणाऱ्यानं आणि तिथे बसणाऱ्यानं, दोघांनीही त्याची खिडकी नीट बघायला हवी.

दार आहे की, मग खिडकी कशाला?

समजा, तुम्ही तळघरात आहात आणि दाराबाहेर २ फूट पाणी साचलंय. दार ३ फूट रुंद आहे. त्या दारावर पाण्याचा एकूण दाब साधारण १७० किलो वजनाइतका पडतो. पाणी सव्वातीन फुटांवर गेलं की हाच दाब ४५० किलोच्या आसपास जातो. पाण्याची उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो, हे यातलं मुख्य गणित.

म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारं दार एकट्या माणसाला ढकलून उघडणं अवघड होऊन बसतं. आत उघडणारं असेल, तर कडी काढताच पाण्याचा लोंढा अंगावर येतो. म्हणून तळघराला बाहेर पडायचा दुसरा रस्ता लागतो. अनेक देशांत हा रस्ता म्हणजे खिडकी.

विंडो वेल म्हणजे नेमकं काय?

खिडकी जमिनीखाली असेल तर तिच्यासमोरची माती काढून, कडेनं भिंत घालून एक खड्डा मोकळा ठेवतात. यालाच ‘विंडो वेल’ म्हणतात, शब्दशः खिडकीची विहीर. यातून उजेड आणि हवा येते, आणि वेळ पडली तर माणूस चढून बाहेर पडतो.

अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमावलीत याची मापं ठरलेली आहेत. खड्डा कमीत कमी ९ चौरस फुटांचा आणि भिंतीपासून ३ फूट पुढे आलेला हवा. खोली ४४ इंचांपेक्षा जास्त असेल तर कायमची शिडी किंवा पायऱ्या हव्यात. खिडकीची उघडणारी मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, म्हणजे साधारण ३० इंच रुंद आणि २८ इंच उंच.

आपल्याकडे इथेच दोन चुका होतात. पहिली स्लायडिंगची. ५ फुटांची दोन पाल्यांची स्लायडिंग खिडकी उघडते अडीच फूटच. त्यामुळे माप चौकटीचं नाही, उघडणाऱ्या जागेचं घ्यायचं. दुसरी चूक ग्रीलची. चोराच्या भीतीनं पक्कं ग्रील ठोकलं की तो बाहेर पडायचा रस्ता राहत नाही. ग्रील लावाच, पण आतून किल्लीशिवाय उघडणारं.

आता येतो पाण्याचा विषय

९ चौरस फुटांच्या खड्ड्यात १०० मिलीमीटर पाऊस थेट पडला तर पाणी जमतं ८४ लिटर. पण तोच पाऊस १००० चौरस फुटांच्या गच्चीवर पडला तर ९३०० लिटर पाणी होतं. गच्चीचा पाइप खिडकीजवळ सोडलेला असेल, तर खड्डा भरायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून गच्चीचा पाइप तिथून लांब न्यायचा, अंगणाचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ठेवायचा आणि खड्ड्याची कड जमिनीपेक्षा निदान अर्धा फूट उंच घ्यायची.

परदेशी व्हिडिओंमध्ये अजून एक उपाय दिसतो. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकायची, पाणी आपोआप जिरतं. मुरमाच्या जमिनीत हे काही प्रमाणात चालतं. पण मराठवाड्यातल्या काळ्या मातीत नाही. ही माती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. अशा जमिनीत नुसती खडी टाकलेला खड्डा म्हणजे खिडकीला लावलेला हौदच.

काळ्या मातीत तळातून पाइप काढून तो आणखी सखल जागेपर्यंत न्यावा लागतो. तसा उतार नसेल तर पाणी एका टाकीत गोळा करून पंपानं उपसायचं. पण जोराचा पाऊस आला की लाइट जाते, हे आपल्याला सांगायला नको. त्यामुळे पंपाला इन्व्हर्टर हवाच. तळघराच्या भिंतीला लागूनही काळी माती न भरता मुरूम आणि खडी भरतात, म्हणजे फुगलेल्या मातीचा रेटा थेट भिंतीवर येत नाही.

मग सगळ्यात चांगला पर्याय कोणता?

जमत असेल तर खड्डा करूच नका.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराचं छत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मीटर आणि जास्तीत जास्त १.२ मीटर वर असावं. म्हणजे जमिनीच्या वर ३ ते ४ फुटांचा पट्टा मिळतो. खिडकी याच पट्ट्यात बसवली तर खड्ड्याची गरजच पडत नाही. फक्त आतून ती उंचावर येते, त्यामुळे खाली पक्क्या पायऱ्या किंवा भिंतीला जोडलेली शिडी हवी.

खड्डा करावाच लागला तर त्यावर माणसाचं वजन पेलणारी जाळी टाका, नाहीतर लहान लेकरं आणि वासरं त्यात पडतील. ती जाळी आतून ढकलून उघडता आली पाहिजे. तिच्यावर पोती किंवा गाडी ठेवू नका. आणि मृग लागायच्या आत खड्ड्यातला पालापाचोळा काढून, बादलीभर पाणी ओतून पाइप वाहतो का ते बघा.

आणि अभ्यासिका लावणाऱ्यांसाठी

राज्याच्या बांधकाम नियमांमध्ये तळघर मुख्यतः पार्किंग आणि सामान ठेवण्यासाठी धरलेलं असतं, राहण्यासाठी नाही. दिल्लीच्या त्या तळघराला परवानगीही सामान आणि पार्किंगचीच होती, लायब्ररीची नव्हती.

त्यामुळे पैसे भरण्याआधी पाच मिनिटं काढा. बाहेर पडायचे रस्ते किती आहेत? खिडकी आतून उघडते का? त्यातून तुम्ही स्वतः बाहेर पडू शकता का? रस्त्याचं पाणी कुठून आत येईल?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पटलं नाही, तर महिन्याला चार पैसे जास्त द्या, पण वरच्या मजल्यावरची जागा घ्या. आणि आधीच आत बसलेले असताना पाणी यायला लागलं, तर बॅग, लॅपटॉप, नोट्स काही गोळा करत बसू नका. पायऱ्यांवर पाणी दिसलं की लगेच वर निघा.