पाण्याच्या बाटलीतील थिनर

काही वर्षांपूर्वी, दिवाळीआधीच्या रंगकामाच्या दिवसांत, मुधोळ परिसरातील एका खेड्यातून दोन वर्षांचा मुलगा आमच्याकडे आणण्यात आला. रंगाऱ्याने थिनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून जिन्याखाली ठेवले होते. मुलाने घेतला तो एकच घोट. शेजाऱ्यांनी तत्परतेने मिठाचे पाणी पाजून त्यास उलटी करविली, आणि खरा आजार तेथूनच सुरू झाला.

थिनर हे अनेक द्रावकांचे मिश्रण होय. त्यात पुष्कळदा टोल्युइन असते. हा रंगहीन, उग्र वासाचा द्रव 110.6 अंश सेल्सिअसला उकळतो, परंतु साध्या हवेतही झपाट्याने उडून जातो. सुमारे 4 अंशांवरच त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. म्हणजे आपल्याकडील पौषातील पहाटही त्यास पुरेशी उबदार असते. वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्याने जमिनीलगत साचते, व रांगते मूल नेमके तेथेच असते. रंग, व्हार्निश, डिंक यांना या द्रावकावाचून चालत नाही, हेही खरे.

हा द्रव पाण्याहून पातळ व पसरट. त्यामुळे जठरात गेलेल्या घोटापेक्षा श्वासनलिकेत निसटलेले काही थेंब अधिक घातक ठरतात. उलटी करविणे म्हणजे त्या थेंबांना दुसरी संधी देणे. मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम वाढण्याचा धोका निराळाच. जठर धुण्याचा मोह आम्हा डॉक्टरांनीही आवरावा. मूल खोकत नसले तरी किमान सहा तास देखरेखीखाली ठेवावे; पहिल्या तासांतील क्ष-किरण चित्र निर्दोष दिसले म्हणून घरी धाडू नये. प्रतिजैविके सरसकट देण्याचे कारण नाही. आमचा रुग्ण तीन दिवस प्राणवायूवर राहून बरा झाला.

मोठ्या मुलांत प्रकार वेगळा. ती रुमालावर ओतून हुंगतात. बाटलीतील व्हाइटनर व थिनरच्या किरकोळ विक्रीवर केंद्र शासनाने 2012 साली बंदी घातली, पण रंगाचे थिनर सहज मिळते. अशा वाफांनी हृदय ॲड्रिनॅलिनला अतिसंवेदनशील होते. अमेरिकेतील डॉ. मिलर्ड बास यांनी 1970 साली हुंगणाऱ्या तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंची नोंद केली, त्यात श्रम वा ताणाच्या क्षणी कोसळलेलेही होते. म्हणून हुंगताना सापडलेल्या मुलाच्या अंगावर ओरडत धावू नये. दारे-खिडक्या उघडून त्यास शांतपणे बसवावे व मग रुग्णालयात आणावे.