मनावरून फिरणारे दाते

इंग्रजी बातम्यांत ‘हॅरोइंग’ हे विशेषण वारंवार भेटतं. जहाज बुडाल्यावर भर समुद्रात काढलेली रात्र हॅरोइंग, छळछावणीतून सुटून आलेल्याची कहाणी हॅरोइंग. नुसतं ऐकूनही काळजाला घरं पडावीत, असं काहीतरी. या शब्दाचं माहेर कुठलं असेल? चक्क शेत!

‘हॅरो’ म्हणजे नांगरटीनंतर रानात ओढायचं अवजार. ढेकळं फोडायचं त्याचं काम आपल्या कुळवासारखंच, पण कुळवाच्या सलग फासेऐवजी इथे चौकटीच्या खाली दात्यांच्या रांगाच रांगा. चौदाव्या शतकात इंग्लंडात रंगवलेल्या ‘लट्रेल सॉल्टर’ या पोथीत ते कामाला जुंपलेलं दिसतं. घोडा हॅरो ओढतोय आणि बियाणं टिपायला आलेल्या पाखरांवर एकजण गोफण फिरवतोय. हो, गोफण!

मग हे दाते मातीतून मनात कसे शिरले? 1600च्या सुमारास लिहिलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये, पहिल्याच अंकात, शेक्सपिअरने ‘हॅरो’ हे क्रियापद दोनदा मनासाठी वापरलंय, दोन्हीदा भुताच्या प्रसंगात. विशेषण म्हणून ‘हॅरोइंग’ रुळायला मात्र पुढची जवळपास दोनशे वर्षं गेली.

त्याहून नवल म्हणजे इंग्रजीत हुबेहूब असाच दिसणारा दुसरा ‘हॅरो’ही आहे. त्याचा अर्थ लुटणं, धुळीला मिळवणं. ख्रिस्ताने नरकात उतरून आत्मे सोडवले, या कथेला ‘हॅरोइंग ऑफ हेल’ म्हणतात ते त्यावरून. त्याचं मूळ शेतात नाही, सैन्यासाठीच्या प्राचीन शब्दात आहे. एक शब्द शेतकऱ्याचा, दुसरा लुटारूचा, आणि कानाला दोन्ही एकच!

आता अवजाराची चाल बघा. सुरी एकदाच चिरते. हॅरोचा एक दाता खरवडून पुढे जातो न जातो, तोच मागचा मातीत उतरतो. ‘हॅरोइंग’ची धार नेमकी इथे आहे. दचकवून क्षणात सरणाऱ्या धक्क्याला हा शब्द सहसा लागत नाही. रेंगाळणाऱ्या, पुन्हा पुन्हा ओरबाडणाऱ्या यातनेला तो चपखल बसतो. म्हणून प्रवास, सुटका, साक्ष, आठवणी हॅरोइंग असतात. अवघड गेलेला पेपर नसतो. आणि जो हे सगळं सोसतो, तो माणूस ‘हॅरोइंग’ नव्हे, ‘हॅरोड’. अवजार आणि जमीन यांतला फरक व्याकरणानेही असा जपून ठेवलाय!